उलटा भरलेला डोळा

पुण्याहून निघताना बॅगेत चार साड्या, प्रमाणपत्रांची फाइल आणि मेथीचे पराठे होते. नोकरी तेवढी नव्हती. चौदा वर्षे मी एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात सुपरवायझर होते. विभाग बंद झाला तेव्हा साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. बेचाळिशीत त्याचे करायचे काय, ते मात्र सांगितले नाही. चार महिने अर्ज करून थकले. मग बहिणीने कळवले की मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याजवळच्या गुलाबभाऊंच्या संत्र्याच्या नर्सरीत देखरेखीला माणूस हवे आहे. ती नर्सरी मला पाठ होती. माझे बाबा तिथेच कलमे करायचे.

नागपूरला गाडी बदलून सकाळी पांढुर्ण्याला उतरले. स्टेशनबाहेर पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) वाढताना पाहून मी सवयीने म्हणाले, "कमी तिखट."

"पाहुन्या दिसून राहिल्या बाई," टपरीवाला म्हणाला.

मला हे फारच लागले. "वाढा अजून," म्हटले, आणि मग डोळ्या-नाकातून पाणी गळेपर्यंत ती प्लेट संपवली.

सौंसरच्या बसमध्ये खिडकी मिळाली. वेचणीतून राहिलेला कापूस, मग संत्र्याच्या बागा, मग पुन्हा कापूस. शेजारच्या आजींनी विचारले, "कोनाच्या घरची वं तू?"

"नामदेव कलमवाल्यांची मुलगी."

"अगं माय! आमच्या बगीच्यातले झाडं त्यानंच कलम केले. थो गेला, पन झाडं अजून फळ देऊन राहिले." त्यांनी पिशवीतली दोन संत्री माझ्या ओटीत टाकली. मला सरळ रडू आले.

सौंसरला बस बदलून रामाकोन्याला पोचले. नर्सरीत जंबेरीचे (आंबट रानलिंबाचे) खुंट रांगेत उभे होते. या खुंटाच्या सालीत चीर देऊन संत्र्याच्या फांदीवरचा डोळा (अंकुर) बसवायचा, याला डोळा भरणे म्हणतात. हिवाळ्याच्या सुट्टीत बाबा डोळा भरत पुढे सरकायचे आणि मागून मी प्लॅस्टिकची पट्टी बांधत जायची. चाकू मागितला की म्हणायचे, "चाकू धरशील तं इथंच राहशील. तू पेन धर."

गुलाबभाऊ आता सत्तरीचे झाले आहेत. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. माझ्या हातात चाकू दिला. चाकू कधी धरलेला नाही, हे देखरेखीचे काम मागायला आलेल्या बाईने कसे सांगावे? घेतला. एका खुंटात डोळा भरला. हात दाखवून अवलक्षण.

"डोया (डोळा) उलटा भरला तुनं," भाऊ शांतपणे म्हणाले.

नोकरी गेली, असे मनाशी म्हणत मी कबूल केले, "भाऊ, मी कधीच भरला नाही. मी फक्त बांधायची."

"मंग बांधून दाखव."

त्या उलट्या डोळ्यालाही पट्टी बांधली. पुढे ते भरत गेले आणि मी मागून बांधत गेले. तीस वर्षांनी बोटांना सगळे आठवत होते. पट्टी खालून वर, कौलांसारखी एकावर एक, म्हणजे पाणी आत शिरत नाही. रांग संपली तेव्हा भाऊंनी एक गाठ निरखून पाहिली.

"नामदेवची गाठ," ते म्हणाले. "भरनारे मस्त आहेत मायाकडे (माझ्याकडे). बांधनं शिकवनारं कोनी नाही. पानी शिरते अन् डोये सडते. एकवीस दिवसानं सोडून पाहू. जगले तं ये."

पुण्यात परतून मी ते एकवीस दिवस कॅलेंडरवर खोडत काढले. बाविसाव्या सकाळी फोन आला, "सामान बांध."

खोली रिकामी करायला महिना गेला. कामावर रुजू झाले त्या दिवशी आधी तीच रांग गाठली. सगळीकडे कोंब फुटले होते. उलट्या डोळ्याचाही फुटला होता. आधी खाली निघून, मग वळून वर चालला होता.

"उपटून टाकतो," भाऊ म्हणाले. "वाकडं रोप कोन घेते?"

"मी घेते."

आता ते रोप माझ्या भाड्याच्या खोलीसमोर आहे. येणारे-जाणारे विचारतात, असे वाकडे का लावले. बाबा असते तर त्यांनी विचारले नसते, फक्त कपाळाला हात लावला असता. त्यांचेच खरे झाले. एकदाच चाकू धरला, आणि इथेच राहिले.