पडद्याखालची अक्षरे

माझी धाकटी बहीण १९५६ साली जन्मली आणि २०२२ साली गेली. शाळेच्या दाखल्यावर तिचे एक नाव होते, ते दाखल्यावरच राहिले. सातवीनंतर तिने सुई हाती घेतली आणि सारी गल्ली तिला काजताई म्हणू लागली. शिंपीमास्तर कोट शिवून पाठवीत आणि ती त्याला हाताने बटणांची काजे करी. कापडाला चीर द्यायची, कडेने जाड दोरा ठेवायचा आणि त्यावरून एकसारखे टाके घेत यायचे. चीर एकदा दिली की ती परत घेता येत नाही. म्हणून ती आधी बराच वेळ कापड नुसते बोटांत धरून बसे.

तिचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, बस आगारात उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे सांगण्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांचा आवाज सुखदुःखाच्या पलीकडे गेलेला होता. आगारातले लोक त्यांना भोंगा म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होते.

हे दोघे अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण क्षुल्लक नव्हते. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कोटवाल्या दुकानाने तिला कारागिरांवर मुख्य म्हणून बोलावले होते. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा ती बाजारात गेली होती. मेहुण्यांनी दारातूनच "तिला जमायचं नाही" असे सांगून त्याला वाटेला लावले, आणि ती परतल्यावर ही बातमी एखादी फेरी रद्द झाल्याच्या सुरात तिच्या कानावर घातली. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "माझ्या वतीनं बोललात ना? मग आता माझ्याशी बोलायची गरज उरली नाही."

त्या दिवसापासून दोघांमधला सारा व्यवहार मुलीमार्फत चाले. लेकी बोले सुने लागे ही म्हण सर्वश्रुत आहे. त्या घरात लेकी बोले नवऱ्या लागे असा प्रकार होता. मेहुणे समोर उभे असताना माझी बहीण म्हणे, "बाबांना सांग, पाणी तापलंय." आणि मेहुणे म्हणत, "आईला म्हणावं, ऐकलं." मुलगी रुग्णालयात परिचारिका होती, विनोदी स्वभावाची. ती मला म्हणे, "मामा, आगारं दोन आणि गाडी एकच. पंक्चर झाली तर वाहतूक बंद."

मग तिला दूरच्या मोठ्या रुग्णालयातून नेमणुकीचे पत्र आले. तिची ती अनेक वर्षांची इच्छा होती. होकार कळवण्याची मुदत सरत चालली, तरी ती काही कळवीना. मी कारण विचारले, तेव्हा ती प्रथमच गंभीर झाली. "मी गेले तर ह्या घरात बोलणार कोण? दोघांतलं एक आजारी पडलं तर दुसऱ्याला कळणार कसं?"

कोरियन प्रेममालिका त्या घरात आणल्या त्या मुलीनेच. वयोमानाने बहिणीची दृष्टी अधू झाली होती. काजे ती बोटांच्या अंदाजाने करी. पडद्यावरचे चेहरे तिला दिसत, खालची इंग्रजी अक्षरे मात्र तिला उपयोगाची नव्हती. ती मुलगी वाचून मराठीत सांगे. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी खाली उतरून मीही हे पाहू लागलो, प्रथम नापसंतीने.

शिंपीमास्तर एकदा कोट द्यायला आले नि थबकून पाहत राहिले. म्हणाले, "ताई, सोळा भाग झाले तरी ह्यानं तिचा हात धरला नाही. एवढ्यात दुसऱ्या मालिकांत दोन लग्नं आणि एक सवत झाली असती."

"मास्तर, तुम्हाला घाई आहे," ती म्हणाली. "इथं एकाचं बोलून झालं की दुसरा थांबतो. ऐकलेलं आत जाऊ देतो. मग बोलतो. असं कोणी थांबलेलं तुम्ही पाहिलंय कधी?"

मास्तरांनी पाहिलेले नव्हते. मीही पाहिलेले नव्हते. तेव्हापासून मी त्या मालिका निराळ्या आदराने पाहू लागलो. नायक नायिकेच्या दुकानाबाहेर उभा राहतो, आत दिवा लागतो, आणि तेवढ्यावर अर्धा भाग सरतो. तरी ज्या बाईने आयुष्यभर टाक्यामागून टाका घातला, ती श्वास रोखून बसते. हे सामर्थ्य मला आजही नीट उलगडलेले नाही.

मुदत सरत होती त्याच महिन्यात मुलीला दुपारपाळी लागली. संध्याकाळी वाचायला कोणी नाही, म्हणून मी प्रयत्न केला. पण माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोचेतो पडद्यावरची माणसे दुसऱ्या गावाला गेलेली असत.

"दादा, ती काय म्हणाली?"

"थांब, कर्ता लक्षात घेऊ दे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मेहुणे वर्तमानपत्राआड बसले होते. त्याआडून आवाज आला, "'तू जेवलीस का?'"

बहिणीची सुई थांबली. पडद्यावर नायक नायिकेला तेच विचारत होता. अनुवाद चोख होता. पण त्या आवाजात त्या खोलीत अकरा वर्षांत पडलेला तो पहिला प्रश्न होता.

ती पडद्याकडेच पाहत होती. "आणि ती काय म्हणते?"

"'अजून नाही,'" वर्तमानपत्र म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलेले होते. मेहुणे रोज वाचू लागले, त्याच सपाट, खणखणीत सुरात. नायक जन्मभर वाट पाहण्याचे वचन देई आणि ऐकणाऱ्याला वाटे, सामान आवरावे. एकदा ती मला म्हणाली, "दादा, वाचणाऱ्याला सांग, तो प्रेमात पडलाय. त्याची गाडी सुटत नाहीये." मी काही सांगण्याआधी मेहुणे म्हणाले, "प्रयत्न करतो म्हणावं." आणि त्यांनी खरोखर प्रयत्न केला. साठी उलटलेला तो मनुष्य प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायला शिकला.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी मालिकेचा शेवटाकडचा भाग लागला होता. नायिका बंद दारापाशी उभी होती. नायक पाठमोरा चालला होता. मेहुणे थांबले. मग म्हणाले, "'मी तुझ्या वतीनं उत्तर द्यायला नको होतं.'"

मी पडद्याखाली पाहिले. तेथे एकही अक्षर नव्हते. नायिकेचे ओठ मिटलेले होते. आणि चेहरे माझ्या बहिणीला दिसत होते.

तिने कोट मांडीवरून उतरवला. मग ती वळून सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं, तर मी गेले असते. आणि तुम्हालाही घेऊन गेले असते."

मेहुणे म्हणाले, "आगारातून बदली मिळाली असती." म्हणजे त्यांनी तेव्हाही तो विचार केला होता की काय, हे मी विचारले नाही.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "पोरगी आपल्यापायी अडकून बसलीय. तिला जाऊ द्यायचं का? तुमचं काय म्हणणं?"

"तुझं काय?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"जाऊ दे तिला," मेहुणे म्हणाले. आवाज अजिबात भोंग्यासारखा नव्हता.

मुलगी घरी आली तेव्हा आईने तिला होकार कळवायला सांगितले. ती सवयीने म्हणाली, "बाबांना काय सांगू?"

"काही नको. ते समोर बसलेत, माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

मुलगी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत खुर्चीवर बसली आणि चपला काढायच्याही विसरली.

मुलगी त्या रुग्णालयात रुजू झाली, तिकडे स्थिरावली आणि आज एका विभागाची प्रमुख आहे. हे दोघे त्यानंतर पाच वर्षे बोलले. भांडलेही पुष्कळ, पण समोरासमोर. बहीण गेली तेव्हा मास्तरांचा एक कोट अर्धवट राहिला होता. त्याची उरलेली काजे यंत्रावर झाली. मालिका मेहुणे अजून पाहतात.

मध्यंतरी ते मला म्हणाले, "त्या दिवशी मी पडद्याकडे बघून बोललो. तिच्याकडे बघून बोलायला हवं होतं. पुढेही ते वाक्य कधी तिच्याकडे बघून बोललो नाही. तेवढं देणं राहिलं."

मी त्यांची समजूत घातली नाही. माझ्या मते त्यांचे म्हणणे बरोबर होते.