दाराबाहेरून ऐकलेलं रडणं

रनूफ पिंपं बांधायचा. ओर्मवालच्या गढीत सफरचंदाची दारू भरायला लागणारी सगळी पिंपं त्याच्या हातची. एखादं गळकं निघालं, तर कुणी बोलायच्या आत स्वतःच उचलून परत न्यायचा. खोटं बोलणाऱ्यांतला तो नव्हता, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

पेरोनेल बाईसाहेब बाळंत होत होत्या त्या दिवशी पाणी वाहायला माणसं कमी पडली आणि रनूफला बोलावलं. पुरुषाने आत जायचं नाही, दारातल्या पडद्यापाशी बादली ठेवून मागे फिरायचं. तो बादली ठेवत असतानाच आतल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. मग बाईसाहेबांचा आवाज आला, अगदी विझत आलेला. ‘रडला का?’ त्या विचारत होत्या. कुणीच उत्तर देईना. त्यांनी पुन्हा विचारलं. रनूफला ते सहन झालं नाही.

‘रडला, बाईसाहेब. मी ऐकलं,’ तो पडद्याबाहेरून म्हणाला.

बाईसाहेब गेल्या त्या हे ऐकून. सुईण एरंबुरने त्याच आधारावर बाळाच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडलं, नाव ठेवलं, आणि पाद्रीबाबांनी मायलेकरांना चर्चच्या आवारात एकत्र पुरलं. न रडलेल्या, पाणी न लागलेल्या मुलाला कुंपणाबाहेर पुरतात. रनूफ घरी आला तेव्हा त्याला वाटलं, आपल्या हातून बरं काम झालं.

गढी आणि शेतं बाईसाहेबांच्या माहेरची. वडिलांनी सगळं थोरलीच्या, म्हणजे बाईसाहेबांच्या, नावे करून धाकट्या आविझला तिच्या हाती सोपवलं होतं. आता मूल रडलंच नसेल, तर सगळं आविझकडे जायचं. रडलं असेल, तर नवऱ्याने, म्हणजे फुल्क धन्यांनी, दुसरं लग्न करेपर्यंत ते खायचं. नॉर्मंडीत रिवाजच तसा आहे, आणि त्याला पुरुषाची साक्ष लागते. बायकांचं ऐकलेलं धरत नाहीत. पुरुष एकच होता.

न्यायसभेच्या आदल्या दिवशी तो एरंबुरकडे गेला. खरं सांगून टाकतो म्हणाला. ती शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

‘सांग की. मग त्या पोराला उकरायला कुदळ घेऊन तूच ये,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने संतांच्या अस्थींवर हात ठेवला आणि मूल रडलेलं ऐकल्याची शपथ घेतली. फुल्क धन्यांनी खूश होऊन त्याला रानातलं सरपण जन्मभर मोफत दिलं. त्याने मागितलं नव्हतं, नाकारायचं धाडसही झालं नाही. बायको तिफेन मोळ्या रचताना गाणं म्हणायची. गुत्त्यात मात्र लोक त्याच्या कानाशी वाकून विचारायचे, ‘काय रे रनूफ, गवत वाढतंय, ऐकू येतंय का?’ तोही हसायचा. त्या हसण्याची त्याला शपथेपेक्षा जास्त लाज वाटायची.

आविझसाठी फुल्क धन्यांनी मठ ठरवला. जायच्या दिवशी ती रनूफच्या कारखान्यात आली, दारातल्या फळ्यांवर बसली. सतरा वर्षांची पोर. गढी गेली त्याचं वाईट वाटतंय, पण एका गोष्टीवर तग धरून आहे, असं म्हणाली.

‘तुम्ही ऐकलंत ना त्याला? कसा रडला, तेवढं सांगा. मला कुणी सांगतच नाही.’

रनूफने तोंड उघडलं. कोकरासारखा म्हणावं, मोठ्याने म्हणावं, काहीही चाललं असतं. त्याला तीन मुलं झाली होती, रडणं काय ते त्याला ठाऊक होतं. पण शब्द येईना. हातातला रंधा तो नुसताच फळीवर धरून राहिला, आणि आविझ त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिला कळलं.

‘ताईला तुमचं ऐकू गेलं होतं?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘मग कुणाला सांगू नका,’ ती म्हणाली. उठून तिने झग्याला चिकटलेला भुसा झटकला. बाहेर गाढवावर तिची पेटी बांधून तयार होती. दोन पावलांवर फुल्क धन्यांचा कारभारी उभा होता. तिने एक हाक मारून त्याच्यासमोर विचारलं असतं, तर रनूफला खोटं रेटता आलं नसतं. ती गाढवावर बसली.

फुल्क धन्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात बाई ठेवली, शेतं खाल्ली, म्हातारे झाले. मठाचीही पिंपं रनूफच बांधायचा. ती पोचवायला गेला की आविझ फाटकाशी यायची आणि विचारायची, ‘ताईच्या कबरीवरचं गवत काढलंत?’

‘काढलं, बाईसाहेब.’

एवढंच बोलणं, वर्षानुवर्षं. ती कशी म्हातारी होत गेली, हे मात्र त्याला कधी सांगता आलं नाही. मान वर न करता तिच्या पायांतले लाकडी जोडे तेवढे त्याने पाहिले होते.