रोझबाईचं सुतक

माझ्या नवऱ्याला, श्रीनाथला, लोक साधा म्हणतात. मी मूर्ख म्हणते, आणि मला तो अधिकार आहे.

गडी ओतूरचा. ख्राइस्टचर्चला डिप्लोमा केला, भूकंपानंतरच्या बांधकामांवर दोन वर्षं सिमेंट कालवलं. २०१३मध्ये त्याला समुद्रकाठच्या अकारोआ गावात बागकामाची नोकरी लागली आणि रोझबाईच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. रोझबाई म्हणजे ऐंशी पार केलेली, बिनलग्नाची, फ्रेंच वंशाची म्हातारी. तिच्या खापरपणज्यानं १८४०च्या सुमाराला जंगल तोडून काढलेली पाच एकर जमीन ती एकटी धरून बसली होती.

पहिल्याच आठवड्यात श्रीनाथनं तिच्या हातातली कुदळ काढून घेतली. मग रोज कामावरून आला की हा उतारावर. बटाटे, कोबी, अक्रोडाची सात झाडं, एक गाय. पैसे? छे! "मधू, आईकडून कोणी मजुरी घेतं का?" असं वर मलाच ऐकवायचा.

म्हातारी मात्र गोड. दूध काढता काढता बोलत राहायची. तिची माणसं जहाजातून उतरली तर समोर इंग्रजांचा झेंडा! त्यांना वसवायला आणणाऱ्या कंपनीनं सांगितलं होतं, फ्रान्सचीच भूमी आहे, चला. परत जायला पैसे कुणाकडे होते? पहिला हिवाळा गवतानं शाकारलेल्या झोपड्यांत काढला. बैल नाहीत, नांगर नाही. झाडं तोडायची आणि खुंटांच्या मधल्या जागेत कुदळीनं बटाटे लावायचे. खापरपणजी पोटुशी असतानाही लोणी घुसळायची, टोपलीत कोबी भरून बंदरातल्या जहाजांवर विकायला जायची. "त्या बाईला कुणी विचारलं नाही, तुला यायचंय का म्हणून," रोझबाई म्हणायची. मी म्हणायचे, मला तरी कुणी विचारलं होतं? मग दोघी खो खो हसायचो.

२०१६च्या एप्रिलमध्ये अक्रोड वेचताना तिनं श्रीनाथचा हात धरला. "माझ्यामागे ही जमीन तूच कसायची, याच घरात राहून. वकिलाकडून कागद करून घेऊ." मी शेजारीच उभी होते. स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी श्रीनाथ जेवला नाही, नुसता हसत बसला.

जुलैत ती गेली. कागद राहूनच गेला.

आणि आमच्या ह्या शहाण्यानं तिचं सुतक धरलं! दाढी नाही, गोड नाही, जमिनीवर झोपायचं, आणि इथं जुलैत थंडी मरणाची. मी म्हटलं, "अरे, कुठलं गोत्र, कुठलं सुतक?" म्हणाला, "तिला दुसरं आहे कोण?"

दुसरा होता ना. भाचा कॉलिन, ऑकलंडचा. तीन वर्षांत एकदा आलेला. नवव्या दिवशी वकिलाला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी चहा ठेवला. वकिलानं नीट, सभ्यपणे विचारलं, "मावशींनी तुम्हाला काही कबूल केलं होतं का?"

श्रीनाथचा चेहरा असा झाला, जणू कुणी शिवी दिली. सुतकात वाटणीची गोष्ट! आमच्याकडे तेरावा होईपर्यंत कोणी ओठ उघडत नाही. "मला काही नको," तो इंग्रजीत म्हणाला. "तेरा दिवस झाले की बोलू."

"स्वीट अ‍ॅज," कॉलिन म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास, चालेल'.

वकिलानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काही ऐकलं होतं?" श्रीनाथनं डोळ्यांनीच मला दटावलं. चार परक्या माणसांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी म्हटलं, "नो." मग वकिलानं कागद पुढे केला, आमचा या मिळकतीवर कसलाही हक्क नाही असा. दुःखातल्या माणसाला अडवायचं कसं, खरं बोलणं तेराव्यानंतर होईलच, म्हणून श्रीनाथनं सही केली. त्याच्याखाली मीही केली.

तेराव्याला मी शिरा केला. चौदाव्या दिवशी सकाळी श्रीनाथनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुढच्या घरात गेला, अगदी वाटाघाटीला निघालेल्या माणसासारखा. दहा मिनिटांत परत आला. अंगणात घर विकणारा दलाल फोटो काढत होता.

कॉलिन चिडलासुद्धा नव्हता म्हणे. एवढंच म्हणाला, "मेट, आम्ही विचारलं होतं. तुम्ही दोघांनी नाही म्हणून सांगितलंत." सहा आठवड्यांत खोल्या सोडायच्या होत्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या माणसानं विचारलं होतं, खरंच विचारलं होतं! फसवलं कुणी? कुणीच नाही. कुणाच्या नावानं बोटं मोडायची तेही कळेना.

श्रीनाथ पायरीवर बसून बुटांची माती काढत होता. मग मान वर न करता म्हणाला, "तू तर ऐकलं होतंस, मधू. तू तरी बोलायचंस."