हिरव्या खुणेचे शेवाळ

सलाइन संपत आले की आईच्या उशाशी यंत्र बारीक, किनऱ्या स्वरात वाजू लागे. तो स्वर अजून माझ्या कानांत आहे. आज तीच सूचना नर्सच्या फोनवर पोचवणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्यात अनेक कामे एकाच वेळी, आपापल्या थ्रेडवर, जणू वेगवेगळ्या रुळांवर, धावतात. एखादे क्षणभर आधी पोचले की सूचना मुकाट्याने हरवते. तेव्हा सॉफ्टवेअर तपासणारी आमची टेस्ट लाल होते, म्हणजे नापास.

आमचे प्रमुख कारण शोधत नाहीत. तीच टेस्ट ते हिरवी होईपर्यंत चालवायला लावतात, आणि मग समाधानाने चहा मागवतात. त्या हिरव्याची मला शिसारी येते. साचलेल्या पाण्यावर शेवाळ असेच शांत पसरलेले असते आणि खालची खोली झाकून ठेवते.

संध्याकाळी हे सारे रुग्णालयात बसवायचे होते. पडद्यावर लाल ठिपका उमटला.

“मॅडम, इतक्या वेळा हिरवी, एकदाच लाल. बहुमत कुणाचं?” प्रमुख हसत म्हणाले.

“सर, पेशंटच्या वाट्याला ती लाल वेळच आली तर?”

त्यांचे हसू मावळले. लाल ठिपक्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. घड्याळाकडे पाहिले आणि मला म्हणाले,

“पुन्हा.”