आमाच्या अंगणात कालवं फोडताना

शियामेनच्या विमानतळावर उतरून थोडाही वेळ झाला नव्हता, तोवर माझ्या पोटात दुखायला लागलं. दोष विमानातल्या जेवणाचा नव्हता. फ्रीमाँटच्या घरी माझ्या प्रत्येक मराठी प्रश्नाला "ओके" किंवा "फाइन" यापलीकडे उत्तर न देणारी माझी सोळा वर्षांची लेक, रेवा, टॅक्सीवाल्याशी घडाघडा चिनी बोलत होती. हातवारे करत, हसत! पहिलीपासून शाळेत ती चिनी शिकतेय हे मला ठाऊक होतं. ती इतकी गोड बोलते हे ठाऊक नव्हतं. मराठी शाळेत घालवलेले आमचे कित्येक रविवार मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

शुनपू हे च्वानचौ शहराच्या कडेचं, नदी समुद्राला मिळते तिथलं जुनं कोळ्यांचं गाव. शाळेच्या प्रोजेक्टसाठी रेवानेच ते निवडलं होतं. गावात शिरताच नजरेत भरतात त्या भिंती. तळहातापेक्षा मोठे कालवांचे शिंपले तिरके, एकावर एक रचून घरं बांधलेली. दूरदूरहून रिकामी परतणारी गलबतं वजनासाठी तळात हे शिंपले भरून आणत, असं म्हणतात. खाऱ्या वाऱ्याने विटा झिजतात, शिंपल्यांना काही होत नाही. हे मी नंतर वाचलं. आमची उतरायची सोय जिच्या घरी होती त्या शिउमेइने सगळं आधीच सांगितलं होतं, पण रेवाला. ती बाई भिंतीवरून हात फिरवत केवढा तरी वेळ बोलली आणि रेवाने मला मराठी करून दिलं, "आई, इट्स लाइक, सॉल्ट-प्रूफ."

गल्लीगल्लीत फुलांची दुकानं आहेत. अंबाड्याभोवती कळ्यांची गोल कडी माळायची (याला झानहुआ-वेइ म्हणतात) ही इथल्या बायकांची जुनी रीत. आता शहरातल्या पोरी खास त्यासाठी येतात आणि फोटो काढून जातात. शिउमेइच्या सासूला सगळे आमा (आजी) म्हणतात. त्या सत्तरी ओलांडलेल्या बाईने रेवाला स्टुलावर बसवलं आणि मोगरा, शेवंती, एकेक कडं तिच्या केसांत खोवलं. रेवा मान खाली घालून गरीब गाईसारखी बसली. मी गजरा हातात घेतला की हिच्या मानेला खाज सुटते! मी फोटो काढले, छान दिसतेस म्हणाले, आणि आतून नुसती जळत होते.

जेवायला हाइली-जिएन होतं (कालवं, अंडी आणि रताळ्याचं पीठ यांचं धिरडं). माझं माहेर श्रीवर्धनचं, त्यामुळे कालवं माझ्या चांगल्या ओळखीची. काड्यांतून एक कालव निसटून चहाच्या कपात पडलं, तरी मी उत्साहाने म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे कालवांचं सुकं करतात, ओलं खोबरं घालून." रेवा दोन शब्द बोलली.

"एवढंच?"

"दॅट्स व्हॉट यू सेड, आई."

दुसऱ्या दिवशी शिउमेइ बाजारात गेली आणि एक गंमत कळली. रेवाने आमाला काहीतरी विचारलं, तर आमाने हात हलवून नन्ना केला. तिला शाळेतली चिनी येतच नाही, फक्त इथली बोली येते. मला बरं वाटलं. खोटं का बोला, फारच बरं वाटलं. रेवा कानात इअरफोन घालून उंबऱ्यावर बसली. आमाने कालवांची टोपली ओढली, तसं मी दुसरी सुरी उचलून तिच्याशेजारी फतकल मारली.

आमा तिच्या भाषेत बोलू लागली आणि मी माझ्या. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबवेना.

"बघा ना आमा, ही माझी एकुलती एक लेक. तुमच्या सुनेशी कशी लाडीगोडीने बोलते. माझ्याशी बोलायचं म्हटलं की हिचे शब्द संपतात. ही कुणावर रुसते, कशाला घाबरते, मला काही म्हणजे काही कळत नाही. उद्या कॉलेजला जाईल, मग तर संपलंच. तुमच्या सुनेचा मला हेवा वाटतो हो. हेवा कसला, जळफळाट होतो."

आमा माझ्या मनगटावर टपटप मारत भरभरून बोलत होती. मी "खरंय, खरंय" म्हणत मान डोलवत होते. कुणीतरी आपलं ऐकून घेतंय या सुखात टोपली अर्धी झाली.

शिउमेइ परतली तेव्हा आमाने हसत हसत तिला काही सांगितलं, तिने रेवाला आणि रेवाने मला. "आई, ती मघापासून सांगतेय की तू राँग साइडने ओपन करतेयस. ऑल द ज्यूस इज ऑन द फ्लोअर."

मी खजील होऊन हसले.

"अँड शी वॉन्ट्स टू नो, तू काय सांगत होतीस."

"काही नाही. हवापाण्याचं, म्हणावं."

रेवाने माझ्याकडे बघितलं. मग ती शिउमेइकडे वळून बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. शिउमेइचं हसू मावळलं. तिने ते आमाला सांगितलं, तशी आमाची सुरी थांबली आणि दोघी माझ्याकडे बघू लागल्या. इअरफोनमध्ये गाणं नव्हतंच, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

परतीच्या विमानात बसेपर्यंत आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. शेवटी मीच विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"एव्हरीथिंग."

"सगळं कळलं तुला?"

"ऑफ कोर्स कळलं. मला मराठी येतं, आई." ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "शी डझन्ट इव्हन नो यू. तिला तू सगळं सांगितलंस. मला कधी सांगितलंस? माझ्याशी तू मराठीत फक्त 'जेवलीस का', 'लाइट बंद कर', 'अभ्यास झाला का'. त्याला मी काय आन्सर देणार?" मग ती पुटपुटली, "आय वॉज सो जेलस ऑफ आमा."

जळण्याचा मक्ता माझ्या एकटीचा आहे अशी माझी समजूत होती.

घरी आल्यावर ओळखीच्यांना मी शिंपल्यांच्या भिंतींचे फोटो दाखवते. बाकीचं सांगत नाही. रेवा रविवारी शिउमेइशी व्हिडिओवर बोलते, खिदळते, आणि दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माझा अजूनही तिळपापड होतो. पण हल्ली भांडी विसळताना मीही तिला काहीबाही सांगते. परवा ऑफिसात मला डावलून माझ्या हाताखालच्या माणसाला बढती मिळाली. घरी आल्यापासून मी भांडी आपटत होते.

"आई, काय झालं?" रेवाने विचारलं.

"काही नाही."

तिने नळ बंद केला. "असं नाही," ती म्हणाली, "नीट सांग."