काळ्या कापडाचा तास

त्या बाईंनी सुरुवातीलाच आपलं नाव सांगितलं होतं. मला ते आठवत नाही, कारण तेव्हा मी मनातल्या मनात माझी इंग्रजी ओळख घोकत होते. नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात टेक्निकल इंग्लिश शिकवायला त्या एकच दिवस आल्या होत्या.

ओळख त्यांनी कोणालाच विचारली नाही. पिशवीतून काळ्या कापडाचे तुकडे काढून बाकाबाकावर ठेवले. "हे कार्बन फायबर, विमानात वापरतात. आधी हात लावा, मग तोंड उघडा. इंग्रजीत."

सगळे नुसते बघत बसले. मी येवल्याची, घरात पैठणीचा माग. आई करते तसं मी कापड आधी सरळ ओढलं, मग तिरकं. तिरकं ओढताच ते सरकलं.

बाई चष्मा डोक्यावर सरकवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी पुटपुटले, "धिस साइड स्ट्राँग. क्रॉस साइड, इट मूव्हज."

मागे कोणीतरी हसलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी तुकडा घेतला, स्वतः तिरका ओढून बघितला.

"खरं आहे की! मग इतकं हळू का बोलतेस?"

पुढे अंबडच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले. साहेबांनी आम्हा तिघांसमोर एक तुटलेला पार्ट ठेवला आणि तो का तुटला असेल, ते इंग्रजीत विचारलं. बाकीचे दोघे लगेच बोलायला लागले.

मी आधी हात पुढे केला.