नॅननी मास्क लावू दिला

आमच्या घरात चमत्काराला थारा नाही. कुणी असलं काही सांगितलं की बाबा लगेच "पुरावा दाखव" म्हणतात, आणि मीही त्यांचीच लेक. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण घडलं ते असं.

मी न्यूझीलंडमध्ये पापाकुराला राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षापासून डोक्यात एकच खूळ: नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी, पेशंटचा श्वास सांभाळणारी नर्स. इथे हे पदच नाही. आधी इथलं रजिस्ट्रेशन, मग आयसीयूत काही वर्षं, मग अमेरिकेची परीक्षा आणि तिथलं कॉलेज. ट्यूटर म्हणाली, "हे हीप्स लांबचं आहे गं, खूपच लांबचं." बाबांचं म्हणणं, आधी इथली नोकरी बघ. शेवटच्या प्लेसमेंटसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, आयसीयू हवं की घराजवळचा वृद्धाश्रम, हे त्या दुपारी कळवायचं होतं आणि मी मनातून पार खचले होते. सकाळी आईबरोबर त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याची वंदना, म्हटलं, तेही तोंडदेखलं.

त्या दिवशी मी ऑपरेशन थिएटरमध्ये नुसती बघायला उभी होते. पेशंट पुकेकोहे गावच्या एक माओरी आजी, खुब्याचं ऑपरेशन. सगळे त्यांना नॅन, म्हणजे आजीच, म्हणत. घरच्यांनी बाहेर त्यांच्यासाठी कराकिया, म्हणजे त्यांची प्रार्थना, म्हटली होती. आत मात्र भुलीचा मास्क जवळ आला की नॅन तो ढकलून देत. "माझी माणसं बाहेर राहिली. आता कोण म्हणणार?" भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मास्क खाली ठेवला आणि शांतपणे स्टुलावर बसल्या. काय बाई होत्या! घाई नाही, कपाळाला आठी नाही.

नॅनची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "तू गं, तुझ्याकडे आहे का एखादी प्रार्थना?"

मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी नॅनचा हात धरला आणि त्रिशरण म्हणू लागले. आम्ही ते तीनदा म्हणतो. पहिल्यांदा माझाच आवाज कापत होता. दुसऱ्यांदा नॅनचा श्वास माझ्या लयीत येऊ लागला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच मास्क नाकाशी ओढून घेतला. शब्द एकही कळत नसताना त्या बाईने आख्खा जीव आमच्या हाती सोपवला, आणि डॉक्टरबाईंनी तो झोपलेलं मूल मांडीवर घ्यावं तसा अलगद घेतला. शरण जाणं म्हणजे काय, ते मी जन्मभर म्हणत आले होते. पाहिलं मात्र तेव्हा. माझे डोळे भरून आले.

शुद्धीवर आल्यावर नॅन मला बघून हसल्या. "दुसरा खुबाही कुरकुरतोय. त्या वेळी तूच झोपव मला."

अंगावर काटा आला. माझा प्लॅन त्या दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हता!

"वेळ लागेल, नॅन," मी कशीबशी म्हणाले.

"स्वीट अ‍ॅझ, काही हरकत नाही. मी थांबते की."

दुपारी ट्यूटरला आयसीयू सांगून टाकलं. अमेरिकेचं कॉलेज मला घेईल की नाही, कुणास ठाऊक. अभ्यास माझ्या हातात, बाकीचं मी सोडून दिलंय. नॅनचे उपकार फिटणारे नाहीत. तोवर हे पद इथेही निघू दे, आणि त्यांचा तो खुबा तेवढी वर्षं टिकू दे.